विहिरीवरचा पिवळा जीपीएस

रविवार, १४ नोव्हेंबर २००४

आज ताटावरून अर्ध्यातच उठलो. ताटात कटला मासा होता, मेव्हण्यानं पाठवलेला.

गेल्या आठवड्यात तोच वाशिंदहून ओळखीच्या दुकानातून हातात मावणारे दोन जीपीएस घेऊन आला. एक काळा, एक पिवळा. म्हणाला, "भावोजी, पाण्यात दोन्ही तपासू. बरोबर दाखवेल तो तुमी ठेवा, दुसरा परत करू." मी मूर्ख, त्याला होडीत घालून नेलं थेट आमच्या विहिरीवर. धरणात बुडालेल्या गावातली विहीर. डोंगरातली खिंड आणि काठावरची चिंच एका रेषेत आली की खाली ती. कटला तिथं हमखास. ही खूण बाबांनी फक्त मला दिली. मी सख्ख्या भावालाही सांगितली नाही. आणि दोन्ही यंत्रांत मीच बटण दाबून ती जागा भरली!

काळा चांगला वाटला, ठेवून घेतला. पिवळा परत गेला असंच धरून चाललो.

आज सकाळी धुक्यात चिंच दिसेना. काळ्याकडे बघत वल्ही मारली. पोचलो तर विहिरीवर आधीच एक होडी. मेव्हणा गळ टाकून बसलेला, मांडीवर पिवळा.

हसून म्हणतो, "या भावोजी, जागा हाय."

माझ्याच विहिरीवर मला जागा देतोय!

आणि वाढताना ही कौतुकानं म्हणते, "बघा, माझा भाऊ आपल्याला विसरला नाय."

विसरेल कसा? मीच बटण दाबून दिलंय.