काठी कुठल्या हातात

नाना, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि तुमचं दुखणं आता माझ्याकडे आलं आहे. तोच अर्धांग, तीच उजवी बाजू. शेत भावांत वाटलं गेलं, हे मात्र अख्खं माझ्या वाट्याला आलं. पाच महिने झाले. आधी वॉकर होता, आता चार पायांची काठी आहे. नाशिकच्या फ्लॅटमध्ये हॉलपासून गॅलरीपर्यंत जातो आणि परत येतो, तेवढ्यात चहा गार होतो. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. पाय सुधारेल, असं ती पहिल्या महिन्यात म्हणायची. आता म्हणत नाही. मीही विचारत नाही.

काठी आली त्या दिवशी मी ती डाव्या हातानं उचलून उजव्या मुठीत बसवायला लागलो. ती म्हणाली, "काका, तिकडे नाही. काठी नेहमी चांगल्या हातात. दुबळा पाय टाकताना भार काठीवर घ्यायचा असतो." मी काठी सोडून खुर्चीत बसलो. तिला वाटलं, चक्कर आली.

निफाडच्या घराचं अंगण समोर आलं. तुम्ही डाव्या हातात काठी घेऊन उभे आहात आणि सुट्टी काढून आलेला मी शहाणा तुमच्यावर ओरडतोय. काठीनं चालवा, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. कुठल्या हातात, हे विचारायची मला गरज वाटली नाही. घड भरले की द्राक्षाचा मांडव झुकतो, आणि ज्या बाजूला झुकला त्याच बाजूला टेकू लावायचा, हे लहानपणी तुम्हीच शिकवलेलं. तेच मी तुम्हाला ऐकवलं. तुम्ही जड जिभेनं म्हणालात, "ह्यो हात धरत नाय रे. डाव्यातच राहू दे." मी म्हटलं, "वापरला नाही तर कसा धरेल?" आणि तुमची उजवी मूठ मफलरनं काठीला बांधली. आयुष्यभर माझ्यावर डाफरणारे तुम्ही, त्या दिवशी मुकाट ऐकलंत. चौथ्या पावलाला काठी कलली, बांधलेला हात सुटेना, आणि पाण्याच्या टाकीजवळ तुम्ही आडवे झालात. खुबा मोडला. त्यानंतर तुम्ही खाटेवरून उठला नाहीत.

लोक गोळा व्हायच्या आत मी मफलर सोडला. भेटायला येणाऱ्यांना सांगत राहिलो, "काठी घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत, फार हट्टी." तुम्ही खाटेवर पडून ते ऐकत होतात. एकदाही खोडून काढलं नाहीत.

आता काठी डाव्या हातात घेतली की माझं पाऊल पडतं. फार नाही, गॅलरीपर्यंत. तेवढं तुम्हालाही जमलं असतं, नाना.

हे डाव्या हातानं लिहितोय, अक्षर बालवाडीतलं आहे. पाठवायचं तरी कुठे? वहीतच राहील. काल त्या मुलीनं सहज विचारलं, "काका, तुमच्या वडिलांनाही हाच त्रास होता ना? ते काठी वापरायचे?"

मी म्हटलं, "नाही. फार हट्टी होते."