तीनदा ठोठावायची सवय

सोमवार, २

मिळालं! एसडीकेमध्ये दुहेरी ओळखतपासणी घालायचं काम माझ्याकडे आलं. सात वर्षं घरी बसून परतलेल्या बाईला इतकं मोठं काम कोण देतं? साहेबांनी दिलं. महिनाअखेरीला प्रोबेशन संपतंय. हे पार पडलं तर कायम, नाहीतर रामराम — हेही हसत हसत सांगून टाकलं.

तपासणार चाळणसर. तोंडावर आम्ही नुसतं सर म्हणतो. त्यांच्या नजरेतून एक खडा सुटत नाही म्हणून पाठीमागे चाळण.

मंगळवार, ३

आईनं विचारलं, दिवसभर करतेस तरी काय? सांगितलं — आमचं एसडीके म्हणजे तयार कोडची पेटी. दुसऱ्या कंपन्यांचे प्रोग्रॅमर ती वापरून आमच्या क्लाउडवर येतात. आजवर पासवर्ड दिला की आत. आता फोनवरचा सहा आकडी कोडही द्यायचा. चोराला पासवर्ड सापडला तरी तो बाहेरच.

आई म्हणाली, "किल्ली असली तरी मी 'कोण?' विचारतेच की."

माझं महिन्याचं काम तिनं एका वाक्यात उरकलं! ती लेकीला सांभाळते म्हणून मी ऑफिसात बसू शकते. तिला हे कधी बोलून दाखवलं नाही. निदान इथे लिहिते.

गुरुवार, ५

सरांचे शेरे आले. एक्केचाळीस! एका ओळीपुढे नुसतंच "का?" जेवताना तो "का?" डोक्यातून जाईना.

शुक्रवार, ६

"का?"चं उत्तर काही सुचेना, शेवटी ती ओळच काढून टाकली. काही बिघडलं नाही. सरांचा शेरा — "बरं झालं." एवढ्यावर मी दिवसभर हवेत.

सोमवार, ९

घात झाला.

सकाळी माझा कोड चाचणीला लावला. दहा वाजता नेट अडखळलं आणि ऑफिसातल्या अकरा जणांची खाती बंद. नेट अडखळलं की आमची पेटी तीच विनंती आपणहून तीनदा पाठवते. वर्षानुवर्षांची सवय, कुणाचं कधी काही बिघडलं नाही. पण फोनवरचा कोड एकदाच चालतो! पहिल्यांदा तो पोचला होता, उत्तर तेवढं वाटेत हरवलं. पेटीनं तोच कोड पुन्हा पाठवला, आणि पुन्हा. सर्व्हरला वाटलं चोर आलाय, घातलं कुलूप. मी त्या सवयीचा विचारच केला नव्हता.

अकरा माणसं हातावर हात ठेवून बसलेली. कुणाला अजून कारण कळलं नव्हतं. गप्प बसता आलं असतं. पण आपणच सरांकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"ती तीनदाची सवय मीच लावली, नऊ वर्षांपूर्वी. तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं."

आणि उठून थेट साहेबांच्या केबिनमध्ये. दार बंद. अर्धा तास! मी बाथरूममध्ये जाऊन रडले. संपलं माझं.

मंगळवार, १०

काम अजून माझ्याकडेच. सर खुर्ची ओढून दिवसभर माझ्याशेजारी. फोनवरचा कोड लागत असेल तर विनंती पुन्हा पाठवायची नाही; थांबायचं, माणसाकडे नवा कोड मागायचा. बोलायला सोपं, बदल सतरा ठिकाणी! कुठली ओळ कुठल्या ग्राहकाच्या रडगाण्यापायी आली, कुठली निव्वळ आळसापायी, सगळं सांगितलं. मी म्हटलं, एवढं कशाला सर, तुम्ही आहातच की. म्हणाले, लिहून घ्या. घेतलं. कॉलेजात इतकं कुणी शिकवलं नव्हतं मला.

बुधवार, १८

लेकीनं दारात अडवलं — कोड सांग! सहा आकडे सांगितले. चूक. परत सांगितले. चूक. आईनं आत घेतलं.

शुक्रवार, २७

सुटलं एकदाचं! नवी आवृत्ती सकाळी बाहेर गेली. संध्याकाळपर्यंत एकही खातं बंद नाही. आणि पत्र हातात — कायम!

घरी येऊन आईला घट्ट धरलं. तुझ्यामुळे झालं म्हटलं. ती म्हणाली, सोड, भाजी करपेल. डोळे मात्र पुसत होती. सरांचेही आभार मानले. नेहमीसारखेच वसकन म्हणाले, आभार नकोत, टिपणं सांभाळा. देवानं या वर्षी मला माणसं चांगली दिली.

सोमवार, ३०

सरांचं टेबल रिकामं.

साहेबांना विचारलं. वरून आधीच हुकूम होता म्हणे, खर्चापायी आम्हा दोघांतलं एकच माणूस ठेवायचं; सरांना ते ठाऊक होतं. नऊ तारखेला सर केबिनमध्ये आले ते हेच सांगायला — "तिला ठेवा, मी निघतो. न विचारता चूक सांगायला येणारं माणूस पुन्हा मिळायचं नाही."

फोन दोनदा हातात घेतला, ठेवला. संध्याकाळी त्यांच्या घरीच जाते. ओरडतील. ओरडू देत.