वाघाखालची जागा

अण्णा,

मागच्या आठवड्यात मी तुमच्याविषयी एक चुकीची गोष्ट सांगितली, आणि ती आता मी शिकवते त्या कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून येणार आहे. अंकासाठी एक विद्यार्थिनी माझी मुलाखत घ्यायला आली होती. माझे वडील परळीत गाड्या रंगवायचे आणि एका जीपवरचा वाघ मी काढला होता, एवढं ऐकूनच तिनं डोळे मोठे केले. ‘‘मग खाली नाव तुमचं होतं का, मॅडम?’’ मी म्हणाले, ‘‘त्या काळी मुलीचं नाव कोण टाकू देणार?’’ तुम्ही टाकू दिलं नाही, असं मी म्हटलं नाही. पण ऐकणाऱ्याला दुसरा अर्थ काढता येईल असंही काही ठेवलं नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. आईही नाही. त्या दिवसांबद्दल बोलू शकेल असं माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही, म्हणून झालं ते जसंच्या तसं लिहून काढते आहे.

केजच्या एका माणसानं नवी जीप घेतली होती, परळी ते केज सीटा भरायला. मागच्या दारावर त्याला वाघ हवा होता. एसटीडी बूथचा फलक रंगवताना शिडीवरून पडल्यापासून तुमच्या उजव्या हातात बारीक ब्रश ठरत नव्हता, पण हे तुम्ही कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. तुम्ही काढलेला वाघ बघून तो म्हणाला, ‘‘अण्णा, ह्यो वाघ हाय का मांजर? लोकं म्याव म्याव करतील की माझ्या मागं.’’ तुम्ही हसलात. रॉकेलच्या बोळ्यानं सगळा वाघ पुसून काढलात आणि ब्रश माझ्यापुढं धरलात. ‘‘हिला काढू द्या. हिचा हात माझ्यापेक्षा बरा हाय.’’ मी एकोणीस वर्षांची होते, अंबाजोगाईला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला.

तीन दिवस मी त्या दारासमोर उकिडवी बसलेली आहे. तुम्ही शेजारी स्टुलावर बसून पिवळा कालवून देताय, मी पट्टे ओढताना मध्ये हात घालत नाही. चित्र झालं की ते वाळू द्यायचं आणि वर व्हार्निशचा शेवटचा हात मारायचा. तो बसला की खालचं काही बदलता येत नाही. त्यात आपल्या परळीत थर्मल वीजकेंद्राची उडती राख. ओल्या व्हार्निशवर ती बसली की वाघाला देवी आल्यासारख्या दिसतात, असं तुम्ही म्हणायचात. म्हणून व्हार्निशच्या आधी तुम्ही काळं रंगवलेलं एक ताट अंगणात ठेवायचात, तासाभरानं त्यावर बोट फिरवायचात, आणि बोट स्वच्छ निघालं तरच शेडभोवती आईच्या ओल्या साड्या टांगून डबा उघडायचात. त्या दुपारी बोट करडं निघालं. व्हार्निश दुसऱ्या दिवसावर गेलं.

नाव मात्र तुम्ही त्याच दुपारी घातलंत. आपल्या धंद्यात काम ज्याचं त्याचं नाव कोपऱ्यात असतं. डाव्या हातानं उजवं मनगट धरून तुम्ही माझं नाव लिहिलंत, आणि त्याखाली, मला न विचारता, ‘बी.ए. (भाग दोन)’. मालक तिथंच उभा होता. ‘‘आरं तिच्या, वाघ बी शिकलेला निघाला म्हना की!’’ तुम्ही म्हणालात, ‘‘शिकलेलाच हाय. बघून बसवा शिटा.’’

अंबाजोगाई केजच्या वाटेवरच, त्यामुळं ती जीप रोज माझ्या कॉलेजच्या फाटकासमोर थांबणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नळावर गेलात तेव्हा मी बोळा घेतला आणि दोन्ही ओळी पुसल्या. त्या ‘भाग दोन’ची लाज वाटली म्हणून पुसल्या, असं मी पुढं बरीच वर्षं मानत आले. पण तसं असतं तर खालची ओळ पुसून भागलं असतं. खरं हे की मैत्रिणींना मी सांगितलं होतं, वडील ठेकेदारी करतात.

तुम्ही घागर खाली ठेवलीत आणि दाराकडं बघत राहिलात.

‘‘कावून पुसलं?’’

‘‘नको मला.’’

‘‘नको तर न्हाई. पन पुसायच्या आधी सांगायचं. खालचा तांबडा उडालाय बघ तितला.’’

एवढंच बोललात. तांबडा कालवून ती जागा सारखी केलीत, वाळेपर्यंत थांबलात, ताटावर बोट फिरवलंत आणि साड्या टांगून व्हार्निश मारलंत. स्वतःचं नाव घातलं नाहीत. मालकानं विचारलं, ‘‘नाव कुठं गेलं वो?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘राहून गेलं.’’ त्यानंतर मला ब्रश घे म्हणाला नाहीत. मीही मागितला नाही.

काल मुलाखतीचा कच्चा मजकूर माझ्याकडं तपासायला आला. ‘वडिलांनी मुलीचं नाव टाकू दिलं नाही’, असं तिनं सरळ लिहिलं आहे. मी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि तिला बोलावून घेतलं. नाव वडिलांनीच घातलं होतं आणि मीच पुसलं, हे तिला सांगितलं, ठेकेदारीचंही सांगितलं. तिनं वहीचं पान मागं उलटून आधीचं वाचलं. मग म्हणाली, ‘‘मॅडम, राग नका मानू, पण आधीचं लई भिडतं. मुलींना ते आपलं वाटंल. तेच राहू द्यायचं का?’’

मी म्हणाले, ‘‘राहू दे.’’

तिनं म्हटलं म्हणून राहू दिलं, असं कालपासून मनाशी म्हणते आहे. पण अण्णा, तिला बोलावणं धाडलं तेव्हाच मला वाटत होतं, की ती असं काहीतरी म्हणेल.