आधी उभं करा

अण्णा, कुत्र्याला उभं करता करता आज माझीच कंबर धरली. हसू नका. चाळीस किलोचं धूड आहे, मागचे दोन्ही पाय कामातून गेलेले, आणि घरात उचलणारी मी एकटी. हे सकाळी आठला कामावर जातात, शिवाय त्यांच्या मणक्यात गॅप आहे, म्हणजे निदान कुत्रं उचलायच्या वेळी तरी असते. ज्या पोरीनं हट्ट करून हे ध्यान घरात आणलं ती पुण्याला नोकरीला. रोज फोनवर विचारते, "आई, आज उभा राहिला का गं?" राहिला बाई, तुझ्या आईच्या जिवावर राहिला, असं मी म्हणते. पण आज खरंच दमले. जनावरांची डॉक्टर शनिवारी घरी यायला तयार आहे, शेवटचं इंजेक्शन घेऊन. तिनं यायचं की नाही, ते मला आज संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तू ठरव, तो तुझंच ऐकतो." असली वेळ आली की सगळ्यांना माझंच ऐकायचं असतं. जनावराच्या बाबतीत तुमच्याशिवाय मी कधी कोणाला विचारलंय? म्हणून कागद घेऊन बसले. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, तरी सवय काही जात नाही.

तुम्ही असतात तर ह्याला उंबरठ्याच्या आत घेतलंच नसतं, हे मला माहीत आहे. अल्सेशियन आहे. पोरीनं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं, मी पहिल्या दिवसापासून घोड्या म्हणते आणि तो त्यालाच ओ देतो. आला तेव्हा कान पडलेले, पंजे मात्र एवढे मोठे की ह्यांना वाटलं दुसऱ्याच कोणाचे बसवलेत. मोठं जनावर आहे, हाडं भक्कम व्हायला हवीत, म्हणून मी काय काय केलं ते ऐका. दोन वेळा दूध, पोळीवर तूप, आणि वर चमचाभर कॅल्शियमची पावडर, गाभण गाईला तुम्ही सांगायचात तशी. सात-आठ महिन्यांचा झाल्यावर पळताना मागचे दोन्ही पाय जोडून उड्या मारायला लागला, सशासारखा. पोरगी म्हणायची, कसला गोड पळतो. जिना चढायला मागेना, निम्म्यातच फतकल मारून बसायचा. मी म्हटलं, माजलाय, अंगाला काम नाही. मग हे स्कूटरवर आणि घोड्या मागे दोरीला, गंगापूर रोडनं सोमेश्वरपर्यंत आणि परत, रोज सकाळी. घरी आला की अंगणात पडून राहायचा, संध्याकाळपर्यंत उठायचा नाही. मला वाटायचं, वा, आज चांगला व्यायाम झाला.

वर्षाचा झाला तेव्हा एके दिवशी बसला तो उठेना. दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणजे आपल्या पोरीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल, पण बोलायला खमकी. तिनं एक्स-रे खिडकीला धरून दाखवला. म्हणाली, "काकू, खुब्याची वाटी बघा, किती उथळ आहे. मांडीच्या हाडाचा गोळा त्यात नीट बसतच नाही, निसटतो. जन्मापासूनचं आहे हे. ह्या जातीत होतं." मी म्हटलं, मग आता आणखी थोडं चालवू का? कॅल्शियम वाढवू? तिनं खायला काय देता, किती पळवता ते सगळं विचारून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम द्यायचंच नसतं. वजन वाढू द्यायचं नसतं. आणि डांबरी रस्त्यावर स्कूटरमागे? काकू, हा बैल नाहीये!" मला इतका राग आला म्हणून सांगू! घरी येईपर्यंत मी ह्यांच्याशी भांडत होते, जणू पावडर त्यांनीच चारली होती. घोड्या रिक्षात माझ्या मांडीवर तोंड टाकून पडला होता. खुबा त्याचा बिघडलेलाच होता हे खरं, पण मी त्याला दुखत असताना चार-पाच महिने पळवलं, हेही तेवढंच खरं.

बैल नाहीये. हे वाक्य मला का लागलं, ते तुम्हालाच कळेल. कळवणच्या जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही होतात ड्रेसर, पण सगळा तालुका तुम्हाला डॉक्टरच म्हणायचा. माणसं धापा टाकत यायची, "डॉक्टर, हाऊ बैल उठत नही," आणि तुम्ही चहाचा कप खाली न ठेवता म्हणायचात, "आधी उभं करा, मग मला बोलवा." मग तुम्हीच सायकल काढायचात. पोटाखाली गोणपाट, निंबाच्या फांदीवरून दोर, चार माणसं ओढायला आणि तुम्ही शेपटाशी. बैल थरथरत उभा राहिला की तुमचा चेहरा काय खुलायचा! मी दहा वर्षांची असेन, दवाखान्यामागं कोणीतरी आणून टाकलेलं वासरू पडलं होतं. थंडीचे दिवस. मी त्याच्यावर पोतं घातलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बसून राहिले. तुम्ही आलात आणि पोतं खसकन ओढलंत. "लाड करती का? पडून ऱ्हायलं का पोट फुगंल त्याचं, मरंल. उठव त्याला!" मी रडत रडत त्याला उठवलं. चार वेळा पडलं, पाचव्यांदा उभं राहिलं, आणि जगलं. माझं डोकं तिथंच पक्कं झालं. पडलेल्याला उठवायचं, तो नको म्हणाला तरी उठवायचं, त्यातच माया.

एक्स-रे पाहिला तेव्हापासून आता आठ वर्षं हेच चाललंय. लादीवर त्याचे पाय फाकतात, म्हणून घरभर सतरंज्या आणि रबरी पायपुसणी. पाहुणे आले की अडखळतात, त्यांना मी बघून चाला म्हणते, पायपुसणी उचलत नाही. दूध बंद, तूप बंद, भाजी-भात मोजून. सकाळी गरम पाण्याच्या पिशवीनं खुबे शेकायचे, मग गोळी, मग हळूहळू पाय मागेपुढे. डॉक्टर म्हणाली, पोहवा. म्हणून रविवारी सोमेश्वरच्या वर, आपल्या गोदागंगेला संथ पाणी आहे तिथं न्यायचो. अण्णा, पाण्यात तो काय वेगळा दिसायचा! पाय आपोआप चालायचे, जीभ बाहेर, मागे वळून माझ्याकडे बघायचा की बघ, मला येतंय. त्या अर्ध्या तासासाठी मी आठवडाभर राबायचे. गेल्या दिवाळीनंतर ते थांबलं. आता पोटाखालून झोळी घालूनच उचलावा लागतो, आणि झोळी आईच्या सुती लुगड्याची, चौपदरी घडी करून. जाऊबाई बघून म्हणाल्या, "सासूबाईंच्या लुगड्यात कुत्रं?" मी म्हटलं, तुमची सासू ती माझी सासू, हे माझ्या आईचं आहे.

ते लुगडं तुमच्या ओळखीचं आहे. आई गेल्यावर तुम्ही ट्रंकेत जपून ठेवलं होतंत आणि निवृत्त होऊन नाशिकला माझ्याकडे आलात तेव्हा ट्रंकेसकट आणलंत. मग पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ गेली. डॉक्टर म्हणाले, बसवा, हातपाय हलवा, घाई करू नका. मी तुमची मुलगी, मी कसली ऐकते? दुसऱ्याच आठवड्यात ट्रंक उघडली, लुगडं तुमच्या कमरेला गुंडाळलं आणि पलंगाच्या कडेशी तुम्हाला उभं केलं. पहिल्यांदा उभे राहिलात तेव्हा मी शेजारणींना बोलावून दाखवलं. दादा रविवारी येवल्याहून एसटीनं यायचा, त्याला मी अभिमानानं सांगायचे, आज चार मिनिटं उभे होते. पुढे दुसरा झटका आला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता काही करू नका, आराम द्या. मी तरी रोज सकाळी लुगडं घेऊन हजर. तुमच्या तोंडातून "आऊ ए, आऊ ए" असा आवाज यायचा, आणि डाव्या हातानं तुम्ही माझं मनगट धरायचात. ढकलायचा नाहीत, नुसतं धरून ठेवायचात. मी म्हणायचे, "अण्णा, तुम्हीच शिकवलंय ना? आधी उभं करा." तुमचे डोळे भरायचे, आणि मला वाटायचं, पोरीचं कौतुक वाटतंय. दीड महिना असं चाललं, मग तुम्ही गेलात. भेटायला आलेल्या सगळ्यांना मी सांगितलं की शेवटच्या दिवसापर्यंत मी त्यांना झोपून राहू दिलं नाही. लोक म्हणाले, अशी मुलगी हवी.

काल सकाळी घोड्याच्या पोटाखाली लुगडं सरकवत होते. तो गुरगुरला नाही. आठ वर्षांत तो माझ्यावर एकदाही गुरगुरला नाही, हा त्याचा मोठेपणा. त्यानं मान वळवली आणि माझं मनगट तोंडात धरलं. दात लागू दिले नाहीत, नुसतं धरून ठेवलं. आणि बघत राहिला. माझ्या हातातलं लुगडं सुटलं. मी तिथंच सतरंजीवर बसले. हे आंघोळीहून आले, म्हणाले, "काय गं, चावला का?" मी नाही म्हटलं. दुसरं काय सांगणार? तरी मी कशी आहे बघा, आज सकाळी पुन्हा प्रयत्न केलाच. लुगडं ओढलं, तो अर्धा उठला, त्याचे पाय फाकले, आम्ही दोघंही लादीवर. माझ्या कमरेत उसण भरली आणि त्याच्या तोंडातून असा आवाज आला की मला कान झाकावेसे वाटले. मी मोठ्यांदा रडले. घरात कोणी नव्हतं ते बरं झालं.

मग मी पडल्या पडल्याच त्याला म्हटलं, "राहू दे रे घोड्या, राहू दे." त्यानं एक मोठा सुस्कारा टाकला आणि मान माझ्या दंडावर ठेवली. मी सरकत जाऊन सोफ्यावरची चादर ओढली आणि त्याच्यावर घातली, वासरावर पोतं घातलं होतं तशी. आता तुम्ही येऊन ओढणार नव्हतात. तासभर आम्ही तसेच पडून होतो. कुकर लावायचा राहिला, फोन वाजून बंद झाला. तासाभरानं भिंतीला धरून उठले आणि डॉक्टरला सांगितलं, शनिवारी ये. ती म्हणाली, "काकू, तुम्ही बरोबर करताय." मी म्हटलं, बरोबर-चूक मला सांगू नकोस बाई, तू फक्त वेळेवर ये. पुण्याला फोन केला. पोरगी रडायला लागली, "आई, अजून एकदा उभं करून बघ ना गं, एकदाच." तिला हे कोणी शिकवलं ते मला माहीत आहे. मी म्हटलं, नाही. तू शुक्रवारी ये, त्याच्याजवळ बस. उठवायचं नाही. ती येतेय.

लुगडं धुऊन वाळत टाकलंय. आता ते कोणाच्या कमरेला बांधायचं नाही, शनिवारी घोड्याच्या अंगाखाली घालीन, मऊ आहे. हे पत्र कुठं टाकणार? एक्स-रेच्या पिवळ्या पाकिटात ठेवून देते, ते पाकीट घरात माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. पण कागद उरलाय तर तेवढं एक लिहूनच टाकते. दादा विचारायचा, "अण्णा काय म्हणतात गं?" मी सांगायचे, "काही कळत नाही रे, जीभ जड झालीय, पाणी मागत असतील." डॉक्टरांनाही तेच सांगितलं, ह्यांनाही. मला कळत होतं, अण्णा. पहिल्याच दिवशी कळलं होतं. "राहू दे" म्हणत होतात तुम्ही. मी तुम्हाला दोन घोट पाणी पाजलं, लुगडं घट्ट केलं आणि म्हणाले, "उठा."