पायाळूचा पाय

४ डिसें., देऊळगाव राजा
सकाळी पाठ पुन्हा लाकूड. कूस बदलायची तरी भिंत धरून. रेखानं पाय दिला तेव्हा कुठे उठलो. बायको पायाळू असण्याचं सुख. गल्लीत कुणाला उसण भरली की तिलाच हाक. माझ्या पाठीवर तर लग्नापासून रोज. तरी उद्या जालन्याला दाखवतो. शाळेत रजा टाकली.

५ डिसें.
उसण नव्हेच. कण्याचा संधिवात. इतकी वर्षं उगाच तेल चोळलं. डॉ. म्हणाले, शरीर राखणाऱ्या पेशीच बिथरल्यात, मणक्यांच्या सांध्यांवर उठल्यात. त्यांच्या चिथावणीनं हाड आतून पोखरलं जातं, आणि बाहेर नको तिथे नवं चढून मणके चिकटतात. आठवीला ह्याच पेशी मी 'आपले सैनिक' म्हणून शिकवतो. छान.
निघताना त्यांनी विचारलं, "पाठीवर पाय वगैरे देतं का कुणी?" म्हटलं, बायको. ते लिहायचे थांबले. "आजपासून बंद. मणका मोडेल." हाडांची तपासणी करून आलो.

६ डिसें.
रेखाला 'बंद' एवढंच सांगितलं.
"काऊन? माहं काही चुकलं का?"
आई मधेच, "पायाकडून जन्मलेल्या बाईचा पाय हाय तो. डॉक्टरले काय समजते त्यातलं?" आईवर ओरडलो. नको होतं ओरडायला. खरं तर सकाळी मलाच तो पाय हवा होता, फार हवा होता.

११ डिसें.
रिपोर्ट. हाडं वयाच्या मानानं फार विरळ. एक मणका दबलेला, जुना. कशानं?
डॉ.: "ह्या आजारात आपोआपही दबतो. पाय दिल्यानंही दबला असेल. आता सांगता येणार नाही."
पेशींना आवरणारं इंजेक्शन सुरू करायचंय; त्यानं अंगात लपलेला क्षय उठू शकतो, म्हणून आधी क्षयाची तपासणी. गेलेलं हाड किती भरेल, नक्की नाही. भीती वाटते. एसटीत मात्र वाटभर एकच, रेखाला काय सांगू.

१२ डिसें.
सांगितलं, आजारानं दबला.
"असं डॉक्टर म्हणले, का तुमीच म्हणून राह्यले?"
डॉक्टर, म्हटलं. ती कणीक मळत राहिली.

१५ डिसें.
शेजारचे काकडेकाका वाकलेले, दारात. "रेखा, जरा पाय दे व माय."
"मले नाही जमत आता, काका."
आई बघतच राहिली. काका तसेच वाकून परत गेले. आईनं भांडी आपटली. कुणीच जेवलं नाही धड.
रेखामागे ओट्यापाशी गेलो. म्हटलं, तुझ्यामुळं नाही झालं हे.
"मागं दिवाळीत पाय दिला, तवा कट्ट वाजलं होतं. तुमी हसले. म्हणले, मोकळं झालं."
मला आठवत नाही. खरंच नाही आठवत. तसं सांगितलं.
म्हणाली, "मले आठवते."