एकतीस वण

माझ्या हातांनी झालेलं काम आधी लिहितो, म्हणजे लिहिणारा कोण ते कळेल. राहतं घर, तीन खोल्या, सगळ्या भिंती ओळंब्यात. एकशे सहा संडास, एकही गळका नाही. कबरींवरचे चाळीस क्रूस. आणि शेवटचं काम, शांतीबाई मास्तरणीचा सिमेंटचा अर्धपुतळा, उंची सव्वादोन फूट, जो अंगणात गोणपाटाखाली उभा आहे.

मी इमॅन्युएल योहान वसावे, वय ५४, गवंडी, चौथी पास, पुढचं सगळं स्वतः वाचून शिकलेला, राहणार चिंचपाडा, तालुका नवापूर. फुफ्फुसं दगडाच्या भुकटीने कामातून गेली. डोकं शाबूत आहे. माझ्यावर दबाव आहे, पण मी त्याला बळी पडून हे लिहीत नाही.

१. घर मुलगा नवनीत याला, कलम ४ ची अट पाळून.

२. थापी, गुण्या, ओळंबा मुलगी आशाला. लहानपणी माल तिनेच कालवला. ओळंब्याची दोरी २०११ पासून चुलतभाऊ चैत्याकडे आहे. त्याला माफ केलं. दोरी मात्र आणावी.

३. पुतळा आमच्या पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेला. ठरलेल्या मजुरीपैकी एक पैसाही मी घेतलेला नाही, म्हणून तो माझाच. चौथरा अडीच फूट, त्यावर एक इंच नको. पहिलीतल्या पोरीचं बोट गालाला पोचलं पाहिजे.

का, ते इथेच लिहितो. दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. शांतीबाईला लहानपणी देवी आल्या, तोंडभर वण राहिले, ठरलेलं लग्न मोडलं. ती इकडे आली आणि एका गोठ्यात पोरींची शाळा घातली. लोक म्हणाले, “शिकून पोरी काय म्हशी मोजणार?” ती म्हणाली, “हो, आधी म्हशीच मोजू.” मग देवीची साथ आली. सख्ख्या आया पोरींना शिवेनात. हिला एकदा येऊन गेलेल्या, म्हणून आजारी पोरी हिने गोठ्यात घेतल्या. पाटी नव्हती. पोरीचं बोट धरून स्वतःच्या गालावर ठेवायची: मोज. उजव्या गालावर एकतीस. माझी आजी रूपीबाई, तिची आई त्या गोठ्यातून जिवंत बाहेर आली. मरेपर्यंत तिला एकतीसपर्यंतच येत होतं. पुढे ती ‘एकतीस आणि एक’ म्हणायची.

मास्तरणीचा फोटो नाही. नाक, डोळे माझ्या अंदाजाचे, चुकलेही असतील. वण तेवढे खरे आहेत. ओल्या सिमेंटात दोन इंची खिळ्याने केले.

४. पुतळा सांगितलेला शिक्षणसंस्थेच्या दोधू अण्णांनी. बघायला आले आणि म्हणाले, “वसावे, हाई मास्तरीन शे का टाकी मारेल पाटा? गाल गुळगुळीत करी दे. पोरी घाबरतीन.”

मी म्हणालो, “अण्णा, टाकी लावल्याशिवाय पाट्यावर वाटलं जात नाही.”

ते हसले आणि आकडा सांगून गेले. नवनीत म्हणाला, “पप्पा, तेवढ्यात तुमचं ऑक्सिजनचं मशीन येतं. तिच्या गालांचं काय, ती मेली कधीची!”

खरंच बोलला, म्हणून भीती वाटते. त्याचा पुट्टीचा हात माझ्यापेक्षा साफ आहे, मीच शिकवला. मी गेल्यावर अर्ध्या दिवसाचं काम.

एकही वण बुजला तर घर आशाचं. दर नाताळाला आशाने बोट लावून मोजावेत. नवनीत, अटीने माणूस बांधला जात नाही, हे मला कळतं. तुझ्या पाया पडतो, बाळा. मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत. तरी लिहिलं.

५. पुट्टीची माझी दोन्ही पाती माझ्या पेटीत, माझ्याबरोबर पुरावीत. नवापूरच्या बाजारात नवी मिळतात, हेही मला कळतं.

सही: इमॅन्युएल योहान वसावे

साक्षीदार: १. सलाउद्दीन, सिमेंटचे व्यापारी, नवापूर. २. नूतन, शिक्षिका, पाड्यावरची शाळा. दोघांनी सही करण्याआधी गाल मोजला. एकतीस भरले.

चिंचपाडा, दि. ११ फेब्रुवारी २०२५

खालची नोंद सह्यांआधीच लिहून वाचून दाखवली आहे.

नोंद: नाकारलेला देकार. वण बुजवण्याबद्दल, रोख. हिशेबासाठी अण्णांनी स्वतः गालावर बोट ठेवून मोठ्याने मोजले, एकतीसपर्यंत. दर वणाला दहा हजार. एकूण रुपये तीन लाख दहा हजार फक्त.