आईचं निळं नाणं

३ मार्च
मी सांगते, नात लिहिते. मधे स्वतःचं काही घुसडू नकोस म्हटलं, तर म्हणते, "आजी, तुला काय कळणार?" तेही खरंच, मला कुठे वाचता येतं.
हिचा नवा उद्योग — पांढऱ्याशुभ्र चांदीच्या नाण्यांना जुनाट रंग आणायचा. गळ्यातली पदकं करते ना, गिऱ्हाइकांना निळी-जांभळी हवीत. उकडलेलं अंडं कुस्करून डब्यात घालायचं, शेजारी नाणं, वर घट्ट झाकण. मी जन्मभर चांदी घासून पांढरी केली. आता मुद्दाम काळवंडायची! काय समजायचं?

४ मार्च
नाणं तासाभरात पिवळं, मग जांभळं. सोबत ठेवलेली चांदीची लगड मात्र ही डब्यातच विसरली. तव्यासारखी झाली. मी हसले. "तेही लिहिते," म्हणाली.

७ मार्च
"अगदी तुझ्या नाण्यासारखा निळा हवा," म्हणून माझं मागितलं. ते आईचं. लग्नात तिने हातात ठेवलं, मी वर्षाच्या आत हरवलं. मग आईही गेली. किती वर्षं रडत होते. एक दिवस ह्यांना ते कपाटामागे सापडलं — निळं झालेलं. "चांदी आहे, पडून राहिली की रंग बदलते," म्हणाले. तेव्हापासून माझ्या उशाखाली असतं.
दिलं बघायला. डब्यापासून लांब ठेव म्हटलं.

८ मार्च
जमला निळा. फक्त मागे दोन फिक्या रेघा. अंड्याचा वास खालूनही लागावा म्हणून ही नाणं आगपेटीच्या दोन काड्यांवर ठेवते. काडी टेकते तिथे रंग चढत नाही.
मी माझं उलटं करून पाहिलं. त्यावरही दोन रेघा, तेवढ्याच अंतरावर. आजवर ओरखडे समजत होते.
नातीचा हात थांबला. लिही, म्हटलं.

९ मार्च
कपाटामागे काड्या पडल्या असतील. नाणं नेमकं त्यांवर पडलं असेल.
"असेल की," नात म्हणाली. फार पटकन म्हणाली.

११ मार्च
म्हणजे ह्यांनी दुसरंच नाणं आणलं, रंगवलं आणि सापडलं म्हणून दिलं? मग आईचं कुठे आहे? आणि मी इतकी वर्षं उशाखाली घेतलं ते कुणाचं? हे जाऊन सहा वर्षं झाली. रागवायचं तरी कुणावर? राग येतोय का, तेही कळेना.

१४ मार्च
सासूबाईंच्या घरात अंडं दाराच्या आत येत नव्हतं. ह्यांना तर नुसत्या वासाने मळमळायचं.
कुठे जाऊन उकडलं असेल ह्यांनी?